दुसऱ्या घरचा निरोप

विजयकरबाईंनी मला पहिल्यांदा बोलावून घेतलं ते माझी चूक दाखवायला. गिरगावातल्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. राहायला लालबागला, चाळीत. दिवसभर मुलींकडून फुलदाण्या काढून घ्यायचो आणि संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे फलक रंगवायचो. फलक कमी पडले की भिंती. हे शाळेत कुणाला ठाऊक नाही अशी माझी आपली समजूत होती. शिपाई येऊन म्हणाला, "रसायनच्या बाईंनी बोलावलंय," आणि मी गेलो.

वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत एक ठेंगण्या, पंचावन्नच्या आसपासच्या बाई परीक्षानळ्या धूत उभ्या होत्या. पांढरी साडी, नखाएवढा काठ, कपाळ मोकळं, पदरावर ॲसिडने पडलेली बारीक बारीक भोकं. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं,

"परब मास्तर ना? भायखळ्याच्या पुलाजवळची भिंत तुम्ही रंगवलीत का?"

नोकरी नवी, आणि भिंती रंगवणाऱ्यांना पोलीस उचलत होते ते दिवस.

"भिऊ नका हो. 'सं'वरचा अनुस्वार 'यु'वर गेलाय. 'सयुंक्त' झालंय. मी भोईवाड्याला बहिणीकडे जाते ना, बसमधून स्वच्छ दिसतं. तेवढा आज नीट करा."

"पण बाई, ते माझंच हे तुम्हाला कसं कळलं?"

"काल सातवीच्या फळ्यावर तुम्ही 'रंगसंगती' लिहिलंत. तुमचा 'र' पोट पुढे काढून उभा असतो. भिंतीवरचा 'महाराष्ट्र'सुद्धा तसाच उभा आहे."

त्याच दिवशी जाऊन मी अनुस्वार पुसला आणि त्याच्या जागेवर नेऊन बसवला. पोलिसाने धरलं असतं तर काय सांगणार होतो कोण जाणे. रसायनच्या बाईंनी पाठवलंय म्हणून? दुसऱ्या दिवशी बाई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे तुमचं, अनुस्वार सोडला तर. माझ्या भिंतीला माणूस हवाच होता." अशी माझी त्यांच्याकडे भरती झाली.

भिंत म्हणजे प्रयोगशाळेची एक अख्खी भिंत. पांढऱ्या तेलरंगावर काळ्या चौकटी आखून जगातली सगळी मूलद्रव्यं तिच्यावर ओळीने मांडलेली. प्रत्येक चौकटीत वर आकडा, म्हणजे त्या मूलद्रव्याच्या अणूच्या पोटात किती प्रोटॉन ते, आणि खाली मराठीत नाव. सोनं, रुपं, तांबं, पारा, गंधक अशी आपली घरची नावं जिथे होती तिथे ती, बाकीच्यांची परदेशी नावं देवनागरीत. आधीचा पेंटर वारला होता. अठ्ठ्याण्णवपर्यंतची नावं त्याच्या हातची होती, आणि त्याचं अक्षर माझ्याहून सरस होतं हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

दर वर्षी नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला बाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "पुस्तकात छापखान्याची चूक असेल, माझ्या बोलण्यात माझी असेल. पण या भिंतीवर आहे ते खरं आहे." तीस वर्षं त्या हे वाक्य म्हणत आल्या होत्या. त्या शाळेत शिकलेल्या आया आपल्या मुलींना शाळेत घालायला आल्या की आधी विचारायच्या, भिंत आहे ना अजून? बाईंची सगळी अब्रू त्या भिंतीवर टांगलेली होती असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून तिचा कायदाही कडक होता. शनिवारी अर्धी शाळा सुटली की बाई फोर्टातल्या एका जुन्या वाचनालयात जायच्या. तिथे विलायती शास्त्रीय मासिकं बोटीने यायची, महिना-दीड महिना शिळी होऊन. कुठे नवं मूलद्रव्य बनवल्याची बातमी दिसली की सोमवारी येऊन भिंतीवर खडूने नुसता आकडा घालायच्या. नाव नाही. मी एकदा ब्रश घेऊन पुढे सरसावलो तर म्हणाल्या, "थांबा. आमच्याकडे बाळ झालं म्हणून एका घराने सांगितलं, ठीक आहे, आनंद आहे. दुसऱ्या घरून निरोप येऊ दे. मग बारसं." म्हणजे दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेने ते स्वतः बनवून पाहिलं पाहिजे, त्यानंतरच रंग.

त्यांच्या बोलण्यात हे शास्त्र इतकं मुरलेलं होतं की आम्हाला ते शास्त्र आहे हेच कधी कधी कळायचं नाही. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, फार रागीट. मला त्यांच्याकडून रजा हवी होती. विजयकरबाई म्हणाल्या, "त्यांच्या रागाचं अर्धायुष्य दहा मिनिटं आहे, दर दहा मिनिटांनी निम्मा होतो. वीस मिनिटांनी जा, पाव उरलेला असेल. तीस मिनिटांनी गेलात तर अर्धपाव." मी घड्याळ लावून तीस मिनिटांनी गेलो. रजा मिळाली, वर चहाही मिळाला.

आणि जेवण. बाई पाठारे प्रभूंच्या, ठाकुरद्वारच्या, पिढीजात मुंबईकर. आमच्या टीचर्स रूममध्ये मासे खाणारे दोघेच, त्या आणि मी मालवणी. बाकीच्यांना वासाचा त्रास नको म्हणून आम्ही खिडकीशी बसायचो. त्यांच्या डब्यात कोलंबी घालून बेसनात भाजलेलं भानोलं असायचं, माझ्या डब्यात आईने दिलेलं सुक्या बांगड्याचं काहीतरी. माझ्या डब्याचं झाकण उघडलं की त्या डोळे मिटून वास घ्यायच्या आणि आत काय काय पडलंय ते ओळखून सांगायच्या. तिरफळ कधी चुकलं नाही. आईला मी हे सांगितलं तेव्हापासून ती डब्यात दोन तुकडे जास्तीचे घालायला लागली.

त्यांचा लाडवाचा तास मी पाहिलाय. मी स्टुलावर बसून एका चौकटीची रेघ दुरुस्त करत होतो आणि खाली अकरावीचा वर्ग चालू होता. ब्याण्णवच्या पुढची मूलद्रव्यं निसर्गात मिळत नाहीत म्हटलं तरी चालेल, ती बनवावी लागतात, असं सांगून बाईंनी डब्यातून रव्याचे दोन लाडू काढले, एक नारळाएवढा आणि एक लिंबाएवढा.

"हा मोठा अणू, हा लहान. दोघांच्या पोटात सारखाच विद्युतभार, म्हणून एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. हळू नेला तर लहान मागे फिरतो. मग काय करायचं?"

"फेकायचा, बाई."

बाईंनी खरंच फेकला. मोठ्याच्या ठिकऱ्या झाल्या, पहिल्या बाकापर्यंत रवा उडाला.

"हे असं होतं. मोठा मुळातच कसाबसा टिकून असतो, धक्का बसला की फुटतो. कोट्यवधी वेळा फुटतो. एखाद्या वेळी मात्र चिकटतो, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज होते. नव्याण्णवच्या अणूंवर हेलियमचे अणू मारले. हेलियमचा आकडा काय?"

"दोन."

"मग झालं काय?"

"एकशे एक."

"एकशे एक. किती अणू मिळाले असतील? सतरा. तुमच्या वर्गात मुली आहेत त्याहून कमी. एकेक करून पकडले. तास-दीड तासात त्यातले निम्मे गेलेसुद्धा."

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, मग त्याचा उपयोग काय?"

"अजून माहीत नाही," बाई म्हणाल्या. "माहीत झालं की सांगीन." आणि मग रवा गोळा करून सगळ्या वर्गाला वाटला. मलाही वर स्टुलावर आणून दिला.

मी पाहिलेलं पहिलं बारसं नव्याण्णव आणि शंभर या जुळ्यांचं. अमेरिकेने समुद्रात मोठा बॉम्ब फोडला होता, त्याच्या राखेत ही दोन सापडली. बाईंना ते आवडलं नव्हतं. "कुठे जन्माला यावं हे काही त्यांच्या हातात नव्हतं," एवढंच म्हणाल्या. नंतर स्वीडनमधल्या लोकांनी बॉम्बबिम्ब न फोडता, युरेनियमवर ऑक्सिजनचे अणू मारून शंभर बनवून दाखवलं. झाला दुसऱ्या घरचा निरोप. मी नावं रंगवली आणि बाईंनी घरून पातेलंभर घुगऱ्या आणल्या. बारशाला उकडलेले हरभरे वाटतात ना, त्याच, वरून ओलं खोबरं. बारशात आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्र' करते आणि नाव सांगते, तेही झालं. वर्गातली सगळ्यांत लाजरी मुलगी निवडून बाईंनी तिला आत्या केलं आणि चौकटीशी तोंड न्यायला लावलं. मुली हसून हसून बेजार.

त्याच दिवशी गिरगावात गडबड झाली. गोळीबाराच्या बातम्या रोजच्याच होत्या, माझ्या चाळीतली दोन घरं रडत होती. दुपारी रस्त्यावर अश्रुधूर सुटला आणि वारा आमच्या बाजूचा. मुली घाबरल्या. बाईंनी खिडक्या लावून घेतल्या, सगळ्यांचे रुमाल नळाखाली भिजवले, नाकावर धरायला लावले आणि शांतपणे धूर कशाचा असतो आणि डोळ्यांत पाणी का येतं ते शिकवायला लागल्या. तास संपला तरी शिकवतच राहिल्या. रस्ता निवळल्यावर मुलींच्या वाडीप्रमाणे जोड्या लावून आम्ही त्यांना घरोघर पोचवलं. ठाकुरद्वारच्या नाक्यावर एका पोलीस शिपायाने पातेलं उघडायला लावलं. "यात काय?"

"घुगऱ्या. जुळ्यांचं बारसं होतं. घ्या."

तो मराठीच होता. चार दाणे घेऊन हळूच म्हणाला, "मुलगे की मुली?" बाईंनी क्षणभर विचार केला. "नपुंसकलिंगी," म्हणाल्या आणि पुढे चालायला लागल्या. त्याचं तोंड मला आजही दिसतं.

मग सत्तावन्न साल आलं. पुढच्या वर्षी बाई निवृत्त होणार होत्या. एकशे एक वर्षभर खडूत राहून एव्हाना रंगात आलं होतं आणि बाईंचं लक्ष शेजारच्या रिकाम्या जागेवर होतं. पावसाळ्यातल्या एका सोमवारी त्या जवळजवळ धावतच माझ्या वर्गात आल्या.

"मास्तर, शहाण्णव आणि सहा?"

"एकशे दोन," मी म्हणालो. तेवढं गणित मला येत होतं.

स्वीडनमध्ये शहाण्णव नंबरच्या क्युरियमवर कार्बनचे अणू मारून एकशे दोन मिळालं होतं. दहा मिनिटं टिकलं म्हणे. नावही ठरलं होतं, तिथल्याच एका जगप्रसिद्ध गृहस्थाचं. ते नाव मी इथे लिहीत नाही. एकदा रंगवलंय आणि एकदा खरवडलंय, तेवढं पुरे.

"रंगवा," बाई म्हणाल्या.

"दुसऱ्या घरचा निरोप?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच विचारल्याची लाज वाटली. "अहो, गेल्या वेळी निरोप देणारं घर तेच होतं. खोटं नव्हतं ना निघालं? आणि यात तीन देशांची माणसं आहेत. येईल निरोप, सहा महिन्यांत येईल. तोवर मी असेन की नाही शाळेत?"

मी रंगवलं. बाईंनी सगळ्या शाळेला पुरतील एवढ्या घुगऱ्या केल्या. यावेळी आत्या त्या स्वतः झाल्या. ओला रंग विसरून चौकटीला इतक्या चिकटल्या की वळल्या तेव्हा नाकाच्या शेंड्यावर काळा ठिपका. कुणी सांगितलं नाही. दिवसभर त्या तशाच मिरवत होत्या आणि इतक्या खुशीत मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. एका वर्तमानपत्राने भिंतीचा फोटो छापला. मोठ्या बाईंनी तो चौकट करून ऑफिसात लावला.

निवृत्तीच्या वेळी ठरलं की प्रयोगशाळेला बाईंचं नाव द्यायचं. पाटी अर्थात मी रंगवायची. मोठ्या बाईंनी कागदावर लिहून दिलं, 'मनोरमाबाई विजयकर प्रयोगशाळा'. काना-मात्रेची आमच्या दोघांची जुनी ओळख, म्हणून मी तो कागद दाखवायला त्यांच्या घरी गेलो. दार उघडं होतं. आतून एक थकलेला आवाज आला, "हिरा, कोण आलंय गं?" मला वाटलं चुकीच्या घरी आलो. तेवढ्यात बाईच बाहेर आल्या. आतल्या त्यांच्या आई होत्या, ऐंशीच्या घरातल्या.

बाईंनी कागद वाचला आणि परत दिला.

"हे नको, मास्तर."

"चुकलंय कुठे?"

"नाव चुकलंय. हे नाव मला ताटात मिळालं." लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, तेच त्या म्हणत होत्या. "माझं नाव हिरा. त्यांनी मनोरमा लिहायला घेतलं आणि 'नो'वरची मात्रा राहिली. झालं 'मनारमा'. बायका हसल्या. ते इतके लाजले की तांदूळच विस्कटून टाकले, पुन्हा लिहिलं नाही. लग्नानंतर सातव्या महिन्यात मानमोडीच्या तापाच्या साथीत गेले. वीस वर्षांचे होते. चेहरा मला आता धड आठवत नाही. राहिलेली मात्रा तेवढी आठवते."

आतून आईंनी पुन्हा हाक मारली.

"पुढे शिकायला लागले तेव्हा कारकुनाने नाव विचारलं. सासरचं सांगायचं असतं, सांगितलं. ते नाव ठेवणाऱ्याने ते नीट लिहिलंही नव्हतं आणि ते कुणाला ठेवतोय हेही त्याला माहीत नव्हतं. मनोरमा तेव्हा कुणी नव्हतीच हो. ती पाटी कशाला लावता?"

मी मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "विनय आहे हो त्यांचा," आणि पाटी लागली. निरोप समारंभात बाई त्या दारातून दोनदा आल्या-गेल्या, पण मान वर केली नाही.

निवृत्तीला वर्ष उलटत आलं होतं. एका सोमवारी मी शाळेत शिरतो तो बाई फाटकातच उभ्या. मी नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "खरवडायची पत्ती आहे ना तुमच्याकडे?"

शनिवारी त्यांनी वाचलं होतं. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने स्वीडनची कृती जशीच्या तशी करून पाहिली, त्याहून चांगल्या यंत्रांवर, पुन्हा पुन्हा. एकशे दोनचा पत्ता नव्हता. जे दहा मिनिटं टिकलं म्हणत होते ते दुसरंच काहीतरी असावं.

मोठ्या बाईंनी हात जोडले. पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे सगळ्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि भिंत हाच त्याचा मान. "अहो, पुस्तकांत ते नाव छापून आलंय. परदेशातले मोठमोठे मान्य करून बसलेत. आपण कशाला घाई करायची? पुढच्या वर्षी बघू."

"घाई मी त्या वर्षी केली," बाई म्हणाल्या. "पुस्तकांचं पुस्तकं बघतील. भिंतीवर खोटं आहे आणि मुली रोज ते वाचतायत."

अर्धायुष्याचा हिशेब आज उलटा होता. मोठ्या बाई दहा मिनिटांनी निवळल्या, विजयकरबाई तासाभरानेही तशाच.

अकरावीचा वर्ग वर बोलावला. बारशाला याच मुली दहावीत होत्या. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या.

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," त्या म्हणाल्या. "एकशे दोन सापडलेलं नाही. दुसऱ्या घरून निरोप यायची मी वाट पाहिली नाही, कारण शाळेतून जायच्या आधी मला आणखी एक नाव चढवायचं होतं. ती माझी हाव होती. स्वीडनच्या लोकांचं ते बघून घेतील. या भिंतीवर चूक झाली ती माझी."

मग एक मुलगी म्हणाली, "म्हणजे ते नाहीच का, बाई?"

"असेल. सापडलं नाही, एवढंच आज खरं आहे."

"पण आम्ही घुगऱ्या खाल्ल्या," मागून एक चिवचिवली, आणि तिचं तिलाच वाईट वाटून तिने तोंडावर हात नेला. बाई हसल्या. खरंच हसल्या. "त्या तुम्हाला माफ," म्हणाल्या.

मी स्टूल लावलं आणि खरवडायला घेतलं. आकड्याशी पोचलो तेव्हा बाई म्हणाल्या, "नाव काढा. आकडा राहू दे. कुणीतरी येईल राहायला." तेलरंग वर्ष-दीड वर्षात पक्का बसतो. काळा भुगा त्यांच्या पांढऱ्या साडीवर पडत होता आणि त्या बाजूला होत नव्हत्या.

मुली गेल्यावर त्यांनी दाराकडे बोट केलं. "तशीच ती पाटीही उतरवा. पत्ती हातात आहे तोवर."

आणि तिथे माझं डोकं फिरलं. मालवणी माणूस, किती वेळ गप्प बसणार? मी म्हणालो, "बाई, ती मी नाही उतरवणार. मोठ्या बाईंना सांगून दुसरा पेंटर बघा. ताटात लिहिलं तेव्हा मनोरमा कुणी नव्हती, मान्य. पण आता ठाकुरद्वारपासून भोईवाड्यापर्यंत कुठल्याही जिन्यात उभं राहून विचारा मनोरमाबाई कोण म्हणून. घराघरांत तुम्ही शिकवलेल्या बायका आहेत. दुसऱ्या घरचा निरोप म्हणता ना? तो कधीच आलाय. कायदा तुमचाच आहे."

खाली वाकून बाईंनी जमिनीवरचा भुगा कागदात गोळा केला, पुडी बांधली आणि निघून गेल्या. मला वाटलं, दुखावल्या. बरेच महिने माझ्या मनाला ते लागून राहिलं. त्या शाळेकडे फिरकल्या नाहीत आणि मला त्यांच्या घरी जायचा धीर झाला नाही.

एकशे दोनचं पुढे काय झालं ते बाईंना कळलं नाही. रशियाने म्हटलं आम्ही बनवलं, अमेरिकेने म्हटलं आम्ही, आणि ते भांडण माझे केस पांढरे होईपर्यंत चाललं. शेवटी मूलद्रव्य पक्कं झालं, आणि नाव? तेच, स्वीडनवाल्यांनी चुकीने ठेवलेलं. इतकी वर्षं रुळलंय, आता राहू दे, असं ठरलं म्हणे. माझी नात रसायनशास्त्र शिकते, तिने मला हे सांगितलं तेव्हा मी इतका हसलो की तिला वाटलं म्हातारा बिघडला.

बाई गेल्या साठ सालच्या पावसाळ्यात, चार दिवसांच्या तापाने. त्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एक मे रोजी. राज्याचं नाव काय ठेवायचं यावर महिनोन्महिने घोळ चालला होता, तो मिटला होता. सुट्टी असूनही सकाळी झेंडावंदनासाठी शाळा उघडली होती. गिरगाव नुसतं गजबजलेलं. झेंडा वर गेला, पेढे वाटले, पांगापांग झाली आणि फाटकातून बाई आत आल्या. कडेवर पातेलं.

"नाव ठरलं ना मास्तर? पक्कं?"

"पक्कं बाई. दिल्लीहून निरोप आलाय. महाराष्ट्र."

"मग घ्या," म्हणून त्यांनी घुगऱ्यांची मूठ माझ्या हातात ओतली. "आणि भायखळ्याचा अनुस्वार?"

"जागेवर आहे."

त्या जिना चढून वर गेल्या, मी मागोमाग. प्रयोगशाळा उघडून त्यांनी भिंत डोळ्यांखालून घातली. खालच्या ओळीत शेवटी एकशे दोनचा आकडा, खाली मोकळी जागा. मान हलवून बाहेर आल्या. मग दारात थांबल्या आणि मी पहिल्यांदाच त्यांना मान वर करून ती पाटी वाचताना पाहिलं. सावकाश वाचली, पहिलीच्या मुलीसारखी, एकेका अक्षरावर थांबत.

"मास्तर, 'नो'वरची मात्रा जरा ठळक करा. बारीक वाटतेय."

मात्रा बारीक नव्हती. माझी अक्षरं मला ठाऊक आहेत. मी स्टूल आणलं, डबा उघडला आणि त्या मात्रेवरून पुन्हा एकदा ब्रश फिरवला, भरपूर रंग घेऊन. बाईंनी स्टूल धरून ठेवलं होतं.

"झालं बाई. चला, तुम्हाला नाक्यापर्यंत सोडतो."

"तुम्ही व्हा पुढे. वाळेपर्यंत थांबते मी."

तेलरंग वाळायला अर्धा दिवस लागतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी जिन्याच्या वळणावरून मागे पाहिलं. पातेलं कडेवर घेऊन बाई पाटीखाली उभ्या होत्या, वर बघत.